ई-चलान आलंय? खरं की खोटं कसं ओळखायचं, दंड कसा भरायचा आणि चुकीचं असेल तर तक्रार कशी करायची

मागच्या वर्षी माझ्या आतेभावाला व्हॉट्सॲपवर एक मेसेज आला. गाडीचा नंबर बरोबर, वर पोलिसांसारखा लोगो, खाली "चलान पाहण्यासाठी ॲप डाउनलोड करा" आणि सोबत एक फाइल. पठ्ठ्याने आदल्याच दिवशी सिग्नल तोडला होता, त्यामुळे त्याला शंकाही आली नाही. फाइल उघडली, ॲपने मागितलेल्या सगळ्या परवानग्या दिल्या आणि रात्रीतून खात्यातले ३८ हजार रुपये गेले. कॉलेजची फी होती ती.

गंमत म्हणजे त्याचं खरं चलान चार दिवसांनी आलं. ५०० रुपयांचं!

म्हणूनच चलान आल्यावर पहिला प्रश्न "किती भरायचे?" हा नसतो. "हे खरं आहे का?" हा असतो. या लेखात आपण तिथूनच सुरुवात करू. नंतर चलान तपासणं, भरणं, चुकीचं असेल तर तक्रार करणं, रस्त्यात पोलिसांनी अडवलं तर काय करायचं, हे सगळं क्रमाने पाहू.

ई-चलान म्हणजे नेमकं काय?

पूर्वी चौकात मामांनी अडवलं की कागदाची पावती फाडली जायची. आता तीच पावती ऑनलाइन तयार होते. ई-चलान दोन प्रकारे होतं:

१. पोलीस कर्मचारी हातातल्या मशीनवर गाडीचा नंबर टाकतात, फोटो काढतात आणि जागेवरच चलान करतात.
२. चौकातला किंवा हायवेवरचा कॅमेरा नंबरप्लेट वाचतो आणि तुम्हाला कुणीही न अडवता चलान होतं. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर वेग मोजणारे कॅमेरे याच प्रकारचे.

दोन्ही प्रकारात गाडीच्या नोंदणीला जो मोबाइल नंबर जोडलेला आहे त्यावर एसएमएस जातो. इथेच अनेकांची गडबड होते. गाडी बाबांच्या नावावर, नंबर शोरूमवाल्याने टाकलेला, नाहीतर पाच वर्षांपूर्वी बंद पडलेल्या सिमचा. मग मेसेज येत नाही, चलानं साठत जातात आणि गाडी विकायला काढली की एकदम सात-आठ हजारांचा आकडा समोर येतो.

आधी हे बघा: मेसेज खरा आहे का?

खोटा मेसेज ओळखायच्या खुणा:

- तो व्हॉट्सॲपवर अनोळखी दहा आकडी नंबरवरून आला आहे. सरकारी एसएमएस साध्या मोबाइल नंबरवरून येत नाही, तो अक्षरांच्या सेंडर नावाने येतो. २०२५ पासून 'ट्राय'च्या नियमानुसार अशा नावाच्या शेवटी एक अक्षर जोडलेलं असतं. सरकारी मेसेजला 'जी', जाहिरातीच्या मेसेजला 'पी'.
- सोबत 'एपीके' फाइल आहे. इथे विषयच संपला. कोणताही सरकारी विभाग चलान एपीके फाइलमधून पाठवत नाही. फाइलचं नाव 'आरटीओ चलान' असो की 'एमपरिवहन', हात लावू नका.
- लिंकच्या शेवटी 'डॉट जीओव्ही डॉट इन' नाही. ठग मूळ नावात एखादं अक्षर बदलतात किंवा शेवटी 'डॉट कॉम', 'डॉट ऑनलाइन' असं काहीतरी लावतात. 'जीओव्ही' हा शब्द मधेच कुठेतरी असून उपयोग नाही, पहिल्या तिरक्या रेघेच्या आधीचा शेवट तोच हवा.
- घाई लावली आहे. "आज रात्री १२ पर्यंत भरा, नाहीतर अटक" अशी भाषा म्हणजे घोटाळा समजा.

एक गोष्ट लक्षात ठेवा: गाडीचा नंबर बरोबर आहे म्हणून मेसेज खरा ठरत नाही. गाडीचा नंबर रस्त्यावर कुणालाही दिसतो.

ही एपीके फाइल करते काय? ती एसएमएस वाचायची परवानगी मागते. परवानगी मिळाली की बँकेचे ओटीपी गुपचूप दुसरीकडे पाठवते. अनेकदा तुमच्या कॉन्टॅक्टमधल्या लोकांनाही तुमच्या नावाने तोच मेसेज जातो. २०२४ मध्ये क्लाउडसेक या सायबर सुरक्षा कंपनीने अशाच खोट्या चलानाच्या ॲपचा माग काढला होता. त्यात भारतातले ४,४०० हून अधिक फोन सापडले होते.

चुकून फाइल इन्स्टॉल केली असेल तर:

१. लगेच फोनचा इंटरनेट बंद करा, एअरप्लेन मोड लावा.
२. दुसऱ्या फोनवरून बँकेला कॉल करून खातं, कार्ड आणि यूपीआय ब्लॉक करायला सांगा.
३. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार नोंदवा. जितका उशीर, तितकी रक्कम पुढच्या खात्यांत पांगते आणि परत मिळणं अवघड होतं. 'सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन' वरही तक्रार करता येते.
४. महत्त्वाचे फोटो बाजूला काढून फोन फॅक्टरी रिसेट करा. नुसतं ॲप अनइन्स्टॉल केलं की झालं, असं समजू नका. अशी काही ॲप्स आपला आयकॉन लपवून बसतात.
५. व्हॉट्सॲपमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस' तपासा आणि मित्रांना सांगा की तुमच्याकडून आलेली फाइल उघडू नका.

चलान ऑनलाइन कसं तपासायचं?

मेसेज खरा वाटला तरी त्यातल्या लिंकवर जाऊ नका. साइटचा पत्ता स्वतः टाइप करा. गुगलवर शोधलं की वरती जाहिराती येतात, त्यात एजंट आणि नकली साइट दोन्ही असू शकतात.

महाराष्ट्रासाठी साइट आहे महाट्रॅफिकईचलान डॉट जीओव्ही डॉट इन (सगळी अक्षरं इंग्रजीत, मधे जागा न सोडता). पायऱ्या अशा:

१. साइट उघडा आणि गाडीच्या नंबरने शोधायचा पर्याय निवडा.
२. गाडीचा नंबर टाका, मधे जागा किंवा रेघ नको.
३. चासी नंबर किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाका. हे आरसीवर असतात. आरसी जवळ नसेल तर डिजिलॉकरमध्ये बघा.
४. कॅप्चा भरून सबमिट करा.
५. गाडीवरची सगळी चलानं तारीख, ठिकाण, कारण आणि रकमेसह दिसतील. पुराव्याचा फोटो उघडून नीट बघा.

प्ले स्टोअरवरच्या 'महाट्रॅफिक' ॲपमध्येही हीच माहिती मिळते. दुसऱ्या राज्यात चलान झालं असेल, म्हणजे गोव्याला गेलात आणि तिकडे कॅमेऱ्यात सापडलात, तर केंद्राची साइट बघा: ईचलान डॉट परिवहन डॉट जीओव्ही डॉट इन.

साइटवर काहीच दिसत नसेल आणि मेसेज मात्र पैसे मागत असेल, तर मेसेजवर विश्वास ठेवू नका, साइटवर ठेवा.

दंड कसा भरायचा?

चलान तुमचंच आहे, चूकही झाली आहे, तर भरून मोकळं व्हा. त्याच साइटवर चलान निवडून यूपीआय, कार्ड किंवा नेट बँकिंगने पैसे भरता येतात. भरल्यावर पावती डाउनलोड करून ठेवा.

पैसे कापले गेले पण चलान अजून 'पेंडिंग' दिसतंय? लगेच दुसऱ्यांदा भरू नका. व्यवहाराचा संदर्भ क्रमांक लिहून ठेवा, एक-दोन दिवस थांबा, पुन्हा तपासा. तरीही तसंच असेल तर साइटवरच्या तक्रारीच्या पर्यायातून तो क्रमांक आणि बँक स्टेटमेंट जोडून कळवा.

चलान चुकीचं असेल तर?

हे होतं. माझ्यासोबतच झालं आहे. मी घरी बसून काम करत होतो आणि माझ्या गाडीवर शंभर किलोमीटर दूरच्या शहरात हेल्मेट नसल्याचं चलान! फोटो उघडला तर गाडी वेगळ्या रंगाची, वेगळ्या कंपनीची. नंबरप्लेटवर चिखल होता आणि ८ चा ३ वाचला गेला होता. फोटो उघडलाच नसता तर मी "जाऊ दे ना, ५०० रुपयेच आहेत" म्हणून भरून टाकले असते.

असं करू नका. पैसे भरणं म्हणजे चूक मान्य करणं. नंतर "ते माझं नव्हतं" म्हणायला जागा उरत नाही.

फोटोत हे तपासा:

- नंबर स्पष्ट वाचता येतो का?
- गाडीची कंपनी, मॉडेल, रंग तुमचाच आहे का?
- तारीख, वेळ आणि ठिकाण जुळतं का?
- जो गुन्हा लिहिला आहे तो फोटोत खरंच दिसतो का?

कॅमेऱ्याच्या चलानासाठी २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७-ए हा नियम आला. त्यानुसार चलानासोबत नंबरप्लेट दिसणारा पुरावा, तारीख, वेळ, ठिकाण आणि कोणतं कलम मोडलं ही माहिती द्यावी लागते. वेगाचा गुन्हा असेल तर यंत्राने मोजलेला वेग हवा. घटनेपासून १५ दिवसांच्या आत सूचना पाठवली जायला हवी. कॅमेरे असलेल्या रस्त्याच्या आधी तसा फलकही हवा. तक्रार लिहिताना हे मुद्दे कामाला येतात. शिवाय २०२५ मध्ये महाराष्ट्र वाहतूक पोलिसांनी आपल्या कर्मचाऱ्यांना खासगी मोबाइलवर फोटो काढून चलान करू नका, असा आदेश दिला आहे.

तक्रार अशी करा:

१. महाट्रॅफिकच्या साइटवर किंवा ॲपमध्ये तक्रारीचा पर्याय उघडा आणि चलान क्रमांक टाका.
२. दोन-चार ओळीत मुद्दा लिहा. राग नको, माहिती हवी. उदाहरणार्थ: "फोटोतली गाडी काळी मोटरसायकल आहे. माझी पांढरी स्कूटर आहे. सोबत आरसी आणि गाडीचा फोटो जोडला आहे."
३. आरसी, गाडीचे पुढून-मागून फोटो आणि त्या वेळी गाडी दुसरीकडे होती याचा काही पुरावा (पार्किंग किंवा सर्व्हिसिंगची पावती) जोडा.
४. तक्रार क्रमांकाचा स्क्रीनशॉट ठेवा.

माझं चलान या मार्गाने रद्द झालं. पण दर वेळी होईलच असं नाही. उत्तर आलं नाही तर जवळच्या वाहतूक शाखेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तरीही मान्य झालं नाही तर शेवटचा मार्ग न्यायालय. चलान आभासी न्यायालयात, म्हणजे 'व्हर्च्युअल कोर्टा'त गेलं असेल तर 'व्हीकोर्ट्स डॉट जीओव्ही डॉट इन' वर गाडीच्या नंबरने शोधा. तिथे दंड भरायचा किंवा आव्हान द्यायचं, असे दोन्ही पर्याय असतात. आव्हान दिलं की प्रकरण नेहमीच्या कोर्टात जातं आणि तारखेला हजर राहावं लागतं.

फोटोतली गाडी अगदी तुमच्यासारखी आहे, पण तुमची नाही? मग कुणीतरी तुमच्या नंबरची नकली प्लेट लावून फिरत असू शकतं. अशा वेळी नुसती ऑनलाइन तक्रार पुरेशी नाही, पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्याच. उद्या त्या गाडीने अपघात केला तर पोलीस आधी तुमच्या दारात येतील.

रस्त्यात पोलिसांनी अडवलं तर

- गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा. पळून जाण्याचा प्रयत्न म्हणजे ५०० च्या दंडाचा मोठा गुन्हा करून घेणं.
- गणवेशातल्या पोलिसांनी मागितल्यावर लायसन्स दाखवणं बंधनकारक आहे. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमधलं लायसन्स, आरसी, विमा आणि पीयूसी मूळ कागदांइतकेच वैध आहेत. पण ते ॲप उघडून दाखवा. गॅलरीतला फोटो किंवा स्क्रीनशॉट म्हणजे डिजिलॉकर नव्हे.
- चलान कशाचं आहे ते शांतपणे विचारा. गाडीची किल्ली हिसकावून घेण्याची तरतूद मोटार वाहन कायद्यात नाही. मात्र लायसन्स किंवा नोंदणी नसताना गाडी चालवत असाल तर गाडी जप्त होऊ शकते.
- पटलं नाही तर जागेवर पैसे भरायची सक्ती नाही. चलान होऊ द्या आणि नंतर तक्रार करा.
- कुणाच्याही वैयक्तिक नंबरवर यूपीआय करू नका. पावती नाही म्हणजे दंड भरला नाही. कुणी लाच मागितली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा नंबर आहे १०६४.

कोणत्या चुकीला किती दंड?

२०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात दंड बरेच वाढले. महाराष्ट्रात नवे दर डिसेंबर २०२१ पासून लागू झाले. खालचे आकडे केंद्रीय कायद्यातले आहेत. जागेवर तडजोडीने भरायची रक्कम राज्य ठरवतं, त्यामुळे काही बाबतीत तुमच्या चलानावरचा आकडा कमी दिसू शकतो.

- हेल्मेट नाही: १,००० रुपये आणि ३ महिने लायसन्स निलंबन
- ट्रिपल सीट: १,००० रुपये आणि ३ महिने लायसन्स निलंबन
- लायसन्स नसताना गाडी चालवणं: ५,००० रुपये
- लायसन्स नसलेल्याला गाडी देणं: मालकाला ५,००० रुपये
- विमा नाही: पहिल्यांदा २,०००, दुसऱ्यांदा ४,००० रुपये
- मोबाइलवर बोलत चालवणं: १,००० ते ५,००० रुपये
- दारू पिऊन चालवणं: १०,००० रुपये दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. हे ऑनलाइन मिटत नाही, कोर्टात जावं लागतं.
- अल्पवयीन मुलाने चालवणं: पालकाला किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन्स नाही.

शेवटची ओळ पुन्हा वाचा. अकरावीतल्या लहान भावाला "जरा क्लासपर्यंत घेऊन जा" म्हणून किल्ली देणं इतकं महागात पडू शकतं.

चलान भरलंच नाही तर?

लगेच कुणी घरी येत नाही, म्हणून लोक विसरतात. पण चलान आपोआप रद्द होत नाही. ते कोर्टाकडे जाऊ शकतं, गाडी नावावर करण्यासारखी आरटीओची कामं अडू शकतात आणि पुढच्या नाकाबंदीत मशीनवर जुनी यादी सगळी दिसते.

थकलेल्या चलानांसाठी अनेकदा लोकअदालतीची नोटीस येते. राष्ट्रीय लोकअदालत वर्षातून काही वेळा भरते. तिथे तडजोडीने प्रकरण मिटतं आणि निकाल अंतिम असतो, त्यावर अपील नसतं. मात्र "लोकअदालतीत हमखास ५० टक्के सूट" असे फॉरवर्ड फिरतात त्यांच्या भरवशावर राहू नका. सूट मिळेल की नाही हे तिथेच ठरतं.

गाडी विकली किंवा मित्राला दिली असेल तर

चलान गाडीच्या नोंदणीकृत मालकाच्या नावाने येतं. गाडी मित्राने चालवली असेल तर ती कोण चालवत होतं हे सांगायची जबाबदारी कायद्याने मालकावर आहे.

गाडी विकली असेल तर "पैसे मिळाले, किल्ली दिली, विषय संपला" असं नसतं. कायद्याप्रमाणे विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. त्यासाठी फॉर्म २९ आणि ३० भरले जातात. एजंट "मी करतो" म्हणाला तरी महिन्याभराने स्वतः एमपरिवहनवर नंबर टाकून मालकाचं नाव बदललं का ते बघा. तोपर्यंत चलान तुमचं आणि अपघात झाला तर भरपाईचं लफडंही तुमच्या मागे.

आजच करून ठेवा ही तीन कामं

१. परिवहनच्या साइटवर जाऊन आरसीला सध्याचा मोबाइल नंबर जोडा. घरातल्या सगळ्या गाड्यांचं करा, आई-बाबांच्या स्कूटरचंही.
२. डिजिलॉकरमध्ये लायसन्स, आरसी आणि विमा घेऊन ठेवा. पीयूसीची तारीख कॅलेंडरमध्ये टाका.
३. महिन्यातून एकदा गाडीचा नंबर टाकून चलान तपासा. दोन मिनिटांचं काम आहे.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट लागतं का?
हो. कायद्यानुसार दुचाकीवरच्या ४ वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट बंधनकारक आहे. पगडी घालणाऱ्या शीख व्यक्तींना सूट आहे.

आयफोन असेल तर खोट्या चलानाची भीती नाही ना?
एपीके फाइल आयफोनवर चालत नाही, पण नकली साइटवर कार्डची माहिती भरली तर पैसे तिथूनही जातात.

फोन नुसता हातात होता, बोलत नव्हतो, तरी चलान होतं का?
होऊ शकतं. गाडी चालवताना हातात धरून फोन वापरणं हाच गुन्हा आहे. रस्ता बघण्यासाठी वापरायचा असेल तर होल्डरमध्ये लावा.

दुसऱ्याच्या गाडीचं चलान मी भरू शकतो का?
हो. गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे माहीत असले की कुणीही भरू शकतं.

शेवटी इतकंच

चलान आलं की तीन गोष्टी याच क्रमाने करा: साइट स्वतः उघडा, फोटो बघा, मग ठरवा भरायचं की तक्रार करायची. आणि हा लेख घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नक्की टाका. आपल्याला एपीके म्हणजे काय ते कळतं, पण बाबांना, काकांना "पोलिसांचा मेसेज" आला की ते घाबरून आधी क्लिक करतात. त्यांना एवढंच सांगून ठेवा: "चलान आलं तर काही दाबू नका, आधी मला फोन करा."

काही शंका असेल तर कमेंटमध्ये विचारा. गाडी सावकाश चालवा, हेल्मेट घाला!